पाच हजारांचे स्पीकर आणि पावलांचा आवाज

यंदाच्या जुलैमध्ये माझ्या उजव्या कानात बुरशी झाली. आधी नुसती खाज, मग कानाला दडा बसल्यासारखं, आणि एका रात्री असा ठणका लागला की आईने तेव्हाच ठरवलं, सकाळी डॉक्टर. नौपाड्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान साफ केला, थेंब लिहून दिले आणि विचारलं, "दिवसाला किती तास हेडफोन लावतेस?" मी खरं ते सांगितलं. ऑफिसात चार, घरी रात्री दोन-तीन. ठाण्याच्या दमट हवेत कानावर तासन् तास गादी दाबलेली असली की आत घाम साचतो, ओल टिकते, आणि बुरशीला एवढं पुरतं, असं त्यांनी समजावलं. तीन महिने हेडफोन बंद, आणि पुढेही जपून.

ऑफिसचं मी कसंतरी निभावलं. प्रश्न रात्रीचा होता. माझा धाकटा भाऊ पुण्याला हॉस्टेलवर असतो आणि शुक्रवार-शनिवारी रात्री आम्ही दोघं मिळून गेम खेळतो. आईबाबांशी फोनवर तो "जेवलो, बरं आहे" एवढंच बोलतो. परीक्षा कशी गेली, रूममेटशी का वाजलं, हे सगळं गेममधल्या जंगलात लाकडं गोळा करता करता मला सांगतो. ते दोन तास मला सोडायचे नव्हते. मॉनिटरमधले स्पीकर लावून पाहिले, पण माझ्या मॉनिटरचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून आहेत. भाऊ पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटायचं, आणि गेममध्ये कोण कुठून येतंय याचा तर पत्ताच नाही. म्हणून स्पीकर घ्यायचे ठरवले. बजेट पाच हजार. ग्राफिक्स कार्डाचा शेवटचा हप्ता जूनमध्येच फिटला होता, त्यामुळे त्याच्या वर जायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

पहिली खरेदी घाईत केली. ऑनलाइन ३,४०० रुपयांना एक २.१ सेट मागवला, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि टेबलाखाली ठेवायचा, खोल आवाज काढणारा वूफर. खोक्यावर वॅटचा आकडा तळहाताएवढा छापलेला. पहिला तासभर मी खूश होते. स्फोट झाला की टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायचा. मग भाऊ ऑनलाइन आला आणि काहीतरी विचित्र वाटायला लागलं. त्याचा आवाज अर्धा समोरून आणि अर्धा माझ्या गुडघ्यांपाशी येत होता.

का, ते नंतर वाचून आणि विचारून कळलं, आणि पुढची सगळी निवड मी त्याच्या आधारावर केली. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात; आकडा जितका लहान, आवाज तितका खोल. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानाला नीट कळत नाही, म्हणून वूफर टेबलाखाली ठेवला तरी चालतो. पण स्वस्त सेटमधले वरचे स्पीकर इतके लहान असतात की पुरुषी आवाजाचा भरदार भाग, जमिनीवर पडणारं पाऊल, गाडीच्या इंजिनाची घरघर यांतलं काहीच त्यांना धड पेलत नाही. मग ते काम वूफरकडे ढकललं जातं. १५०-२०० हर्ट्झला मात्र दिशा चांगली कळते. म्हणून भावाचा आवाज गुडघ्यांपाशी. आणि जो भाग दोघांनाही जमत नाही तिथे चक्क खड्डा. गेममध्ये माझ्या जिवावर उठणारी पावलं नेमकी त्या खड्ड्यात पडत होती.

त्यात चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "रात्री काहीतरी धडधडतं गं तुमच्याकडे. झोप लागत नाही." मी आवाज तर बेताचाच ठेवला होता. पण वूफर थेट लादीवर ठेवलेला, आणि खालच्या पट्टीतला आवाज स्लॅबमधून आरामात उतरतो. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तो नियम २००० सालापासूनचा. पण नियमाचं सोडा, आजींचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. सात दिवसांची मुदत संपायच्या आत सेट परत केला. पैसे मिळाले.

वॅटचं थोडं सांगते, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरा. क्षणभरासाठी, कुठल्याही ठरीव मापाशिवाय काढलेली ती संख्या असते. हजार लिहा नाहीतर पाच हजार. 'आरएमएस' लिहिलेला आकडा हा सतत मिळणाऱ्या ताकदीचा. पण त्याच्याही मागे फार धावू नये. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. टेबलाशी बसून हातभर अंतरावरून ऐकणाऱ्या माणसाला २० आणि ४० वॅटमधला फरक म्हणजे बटण जरा फिरवण्याइतका. माझी खोली दहा बाय नऊ. मला मोठा आवाज नको होता, आवाजाची जागा कळायला हवी होती.

म्हणून दुसऱ्या वेळी बाजारात जायच्या आधी एक काम केलं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. माझ्याच गेमची तीन मिनिटांची क्लिप बनवली. सुरुवातीला पत्र्यावरचा पाऊस आणि त्यातून डावीकडून उजवीकडे जाणारी पावलं. मग भावाचं बोलणं, आम्ही खेळताना रेकॉर्ड केलेलं. मग शेजारून निघून जाणारी गाडी. शेवटी वीस सेकंद पूर्ण शांतता, कारण स्वस्त स्पीकर शांततेतच उघडे पडतात. नुसता 'हिस्स्' आवाज येत राहतो. क्लिप फोनमध्ये घेतली, पेनड्राइव्हवर घेतली, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की दुकानं.

गोखले रोडवर एका दुकानात स्पीकर दाखवले की मुलगा स्वतःच्या फोनवरचं ढाणढाण गाणं लावायचा. ते कशावरही बरंच वाजतं. मी माझी क्लिप लावायला सांगितली तेव्हा तो गोंधळला, पण लावली. पावसाचा नुसता खरखराट झाला, पावलं गायब. तिथेच एक ब्लूटूथ साउंडबार दाखवला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम होता. मी गोळी झाडली, आगीचा लोळ दिसला आणि आवाज जरा उशिरा आला. ब्लूटूथमध्ये एक-दोन दशांश सेकंद जातात. सिनेमा पाहताना सॉफ्टवेअर चित्र थांबवून ते जुळवून घेतं, गेममध्ये तशी सोय नाही. वायरशिवाय काही बघायचं नाही हे त्या दुकानात ठरलं.

ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ऐरोलीला क्रिएटिव्ह कंपनीचे पेबल नावाचे स्पीकर आहेत, ते तिच्या टेबलावर निवांत ऐकले. चेंडूसारखे गोल, यूएसबीवर चालणारे, जेमतेम ४.४ वॅट आरएमएस. पण त्यांचं तोंड ४५ अंशांत वर केलेलं असतं, त्यामुळे आवाज छातीवर न आदळता कानाकडे येतो. भावाचा आवाज स्वच्छ आला, पावलंही डावी-उजवी कळली. गाडी मात्र खेळण्यातली वाटली; खालचा आवाज त्या आकाराला येणारच नाही. दोन हजारांच्या आसपासच्या वस्तूकडून मी एवढ्याचीही अपेक्षा केली नव्हती. जवळजवळ तेच घेणार होते.

पण त्याच संध्याकाळी वाशीला उतरले. सेक्टर १७ मधल्या वाशी प्लाझात कॉम्प्युटरची दुकानं आहेत. तिथल्या एका काकांनी आधी विचारलं, "ताई, संगीत ऐकायचंय की गेम?" मी म्हटलं गेम, आणि भावाशी बोलणं. त्यांनी माझा पेनड्राइव्ह लावला, पंखा बंद केला, काचेचा दरवाजा ओढून घेतला. ते मागच्या फडताळावरच्या एकेका जोडीवर तीच क्लिप फिरवत गेले आणि मी स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत राहिले. चौथी जोडी एडिफायर कंपनीची आर १२८० टी होती. चार इंची वूफर, वर बारीक आवाजासाठी १३ मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर, दोन्ही एकाच लाकडी पेटीत; वेगळा वूफर नाही. पावसात पाऊल पडलं आणि मी डोळे उघडले. ते डाव्या पेटीतून आलं नव्हतं, उजवीतूनही नाही. दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे नुसती भिंत होती, तिथे कोणीतरी चाललं होतं. भाऊ बोलला तेव्हा तर तो बरोबर मधोमध बसून बोलत होता.

किंमत माझ्या बजेटच्या जवळपास दुप्पट. मी काकांना स्पष्टच सांगितलं. ते जराही नाराज झाले नाहीत. म्हणाले, "मग जुनी बघा. पेटी पंधरा वर्षं टिकते. फक्त नीट तपासून घ्या." काय तपासायचं तेही त्यांनी एका पुठ्ठ्यावर पेनाने लिहून दिलं. आपल्याकडून काही घेणार नाही हे कळल्यावरही माणूस एवढा वेळ देतो, हे मी विसरणार नाही.

तीन आठवडे रोज जुन्या सामानाच्या जाहिराती पाहिल्या. मग कोपरखैरण्यात एक जोडी सापडली. नवराबायको बंगळुरूला बदली होऊन चालले होते, अर्धं घर खोक्यांत भरलेलं. भाव ५,५०० सांगितला होता. मी लॅपटॉप आणि पुठ्ठा घेऊन गेले. पुढची जाळी काढली. वूफरच्या कागदी शंकूभोवती रबराची कड असते, तिच्यावर बोट फिरवलं. आपल्या खाडीकाठच्या हवेत ती कडक होऊन तडकते का ते बघायचं होतं. ती मऊ होती, एका जागी धुळीची रेघ, बाकी ठीक. मग प्रत्येक ट्वीटरला कान लावून वरचा आवाज येतोय ना ते ऐकलं, कारण एक ट्वीटर मेलेला असला तरी लांबून पटकन कळत नाही. बेसचं, म्हणजे खोल आवाज कमी-जास्त करायचं बटण हळूहळू पूर्ण फिरवलं. मध्ये एका ठिकाणी 'खर्र' झालं. ते सांगितलं. दहा-वीस वेळा फिरवल्यावर बरंचसं गेलं. बटणाच्या आतल्या पट्टीवर धूळ बसली की असं होतं. शेवटी क्लिपमधली वीस सेकंदांची शांतता. पेटीला कान टेकवल्यावरच बारीक सळसळ, एरवी काही नाही. ४,६०० ला सौदा झाला. त्या ताईंनी निघताना जुना टॉवेल दिला, "मध्ये घाला, घासतील एकमेकांना" म्हणून.

दोन्ही पेट्या मिळून पाचेक किलो. कोपरखैरणे ते ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलने तशी पंधरा-वीस मिनिटंच, पण शनिवारची संध्याकाळ. दरवाजाजवळ खोकं मांडीवर घेऊन बसले. घणसोलीला चढलेल्या एका काकूंनी विचारलं, "काय गं, मिक्सर का?" मी म्हटलं, स्पीकर. त्यांनी आपली पिशवी सरकवून खोक्याला जागा करून दिली.

घरी आले, हात धुवायच्या आत जोडले, आणि जीव खाली बसला. आवाज पातळ. पावलं मधोमध नाहीत, खोलीभर विरघळलेली. खालचा आवाज गेलेला. भावाचं बोलणं डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखं. तिथे ऐकलं ते हेच का, अशी शंका आली. बाबा बाजूला उभे होते. ते आयुष्यभर वायरमनचं काम करत आले. त्यांनी काही न बोलता दोन पेट्यांमधली वायर हातात घेतली. या जोडीत उजव्या पेटीत अॅम्प्लिफायर असतो आणि डावीला साध्या दुपदरी वायरने जोडतात, मागे स्प्रिंगच्या लाल-काळ्या पकडी. मी तिथून काढताना वायर सोडली आणि इथे जोडताना एका टोकाला लाल-काळा उलटा लावला. असं झालं की एका पेटीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. बाबांनी नखाने पकड दाबून वायर अदलाबदल केली. क्लिप पुन्हा लावली. पाऊल मधोमध पडलं. बाबांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं, खरंच कोणी आहे का असं.

दुसरा दोष छोटा होता. माउस हलवला की बारीक चिरचिर यायची. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर आतून सगळ्या बोर्डावरून फिरून येते आणि वाटेत ती गडबड गोळा करते. पिन मागच्या, मदरबोर्डवरच्या हिरव्या जॅकमध्ये घातली, चिरचिर बंद.

मांडणीला मात्र एक रविवार पूर्ण गेला, आणि माझं मत असं आहे की स्पीकरचा निम्मा आवाज इथेच ठरतो. आईची शिवणाची टेप घेतली. दोन पेट्यांमधलं अंतर ९० सेंटिमीटर, प्रत्येक पेटीपासून माझ्या कानापर्यंतही ९०. पेट्या किंचित आत, माझ्याकडे वळवलेल्या. ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. पेटी नुसती टेबलावर ठेवली तर तो झोत छातीवर पडतो आणि वरचं बारीक काही कानापर्यंत येत नाही. गल्लीतल्या सुताराकडून सहा इंची दोन ठोकळे करून घेतले, १२० रुपये. पुढच्या बाजूला जुन्या रबरी चपलेचे तुकडे घातले; तोंड थोडं वर झालं आणि पेटीची थरथर टेबलात उतरायची थांबली. मागची भिंत चार बोटं सोडून. दर वेळी क्लिप, दर वेळी डोळे मिटून. चपलेचे तुकडे घातल्यावर भावाच्या आवाजातला 'स' पहिल्यांदा नीट ऐकू आला.

गेमच्या आत सेटिंग 'हेडफोन' वर राहिलेलं होतं, ते 'स्टिरिओ स्पीकर' केलं. हेडफोनसाठी गेम प्रत्येक कानाचा आवाज वेगळा शिजवतो; स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना एकत्र पोचतो, त्यामुळे ते सगळं गढूळ होतं. रात्रीसाठी गेममध्येच एक सेटिंग आहे, मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं. दहानंतर ते चालू करते, आणि पेटीच्या बाजूचं बेसचं बटण मध्यापेक्षा खाली. खालच्या आजींना मुद्दाम जाऊन विचारलं. म्हणाल्या, आता काही येत नाही.

हेडफोनशी बरोबरी होते का, असं भाऊ विचारतो. समोरच्या अर्ध्या भागात, हो, आणि कान मोकळे राहतात ते वेगळंच. मागे कोणी आलं तर दोन स्पीकर ते सांगू शकत नाहीत. व्हॅलोरंटसारखा, एका पावलावर हरजीत ठरणारा गेम गंभीरपणे खेळणाऱ्याने हेडफोनच घ्यावेत असं मी सांगेन. आम्ही जंगलात घर बांधणारे. त्याच्या कानावर हेडफोन असतात, तो ओरडतो, "ताई, मागे!" आणि मी वळते.

त्याच्या बाजूने एक अडचण उरली होती. माझ्या स्पीकरमधला त्याचाच आवाज माझ्या माइकमधून त्याला परत जायचा. पहिल्या रात्री तो वैतागला. मैत्रिणीने जुना यूएसबी माइक दिला होता, समोरून ऐकणारा आणि मागून जवळजवळ बहिरा. तो तोंडापासून चार बोटांवर आणला, पाठ स्पीकरकडे केली, आम्ही ज्यावर बोलतो त्या डिस्कॉर्ड अॅपमधलं एको दाबणारं सेटिंग चालू केलं, आणि बटण दाबल्यावरच बोलायचं असं ठेवलं. बटण दाबायची सवय व्हायला दोन शनिवार लागले.

हिशेब असा: स्पीकर ४,६००, ठोकळे १२०, पुढच्या जॅकच्या नादात घेतलेली आणि आता पडून असलेली एक जास्तीची केबल १५०. एकूण ४,८७०.

आता भावाला स्पीकर हवेत. त्याचं बजेट दोन हजार, हॉस्टेलचं टेबल दोन फुटी, आणि रूममेट दहाला झोपतो. त्याच्यासाठी माझ्या मनात पेबलच आहेत, पण मी त्याला तसं सांगितलेलं नाही. दिवाळीत तो घरी येईल तेव्हा आधी माझ्या मैत्रिणीकडे ऐरोलीला नेणार आहे. पेनड्राइव्हवर त्याच्यासाठी क्लिप नव्याने केली आहे. तिच्यात या वेळी माझा आवाज आहे.